एका ओळीचे वैधव्य

दलित स्त्रीच्या यशाची गोष्ट सांगण्याची एक ठरावीक रीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे रूढ झाली आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, स्पर्धापरीक्षांच्या शिकवणीवर्गांत, महाविद्यालयांतील व्याख्यानांत, बचतगटांच्या मेळाव्यांत ती सांगितली जाते. ऐकणारी बहुधा आपलीच मुले असतात, सांगणाराही पुष्कळदा आपलाच असतो, आणि नायिका बहुतेक वेळा कल्पना सरोज असतात. या गोष्टीचा आता एक साहित्यप्रकारच झाला आहे. त्याची सुरुवात ठरलेली, उत्कर्षबिंदू ठरलेला आणि टाळ्यांच्या जागाही ठरलेल्या. आपल्या कविता आणि आत्मकथने ज्या तरुणांपर्यंत पोचत नाहीत त्यांच्यापर्यंत ही यशोगाथा पोचते. तेव्हा तिची समीक्षा करणे हे दलित समीक्षेचे काम आहे, आणि ते आपण आजवर टाळले आहे.

या लेखाचे निमित्त साधे आहे. मी शिकवितो त्या महाविद्यालयात एका पाहुण्या वक्त्याने ही गोष्ट पंचवीस मिनिटांत सांगितली. चांगली सांगितली. कार्यक्रम संपल्यावर द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. आई गावच्या शाळेत पोषण आहार शिजविते. ती म्हणाली, "सर, ते म्हणाले की नवरा वारला पण त्या खचल्या नाहीत. खचल्या नाहीत म्हणजे काय केलं त्यांनी? दुसऱ्या दिवशी कारखाना कुणी उघडला?" मला उत्तर देता येईना. मग खाली बघत ती म्हणाली, "माझी आई तर खचली."

बळ देण्यासाठी सांगितलेल्या गोष्टीने या मुलीला आपल्या आईची लाज वाटावयास लावली. हे का घडले, याचा शोध मी येथे घेणार आहे. कल्पना सरोज यांच्या कर्तृत्वाविषयी मला आदर आहे आणि त्यांच्या व्यवसायाचा हिशेब तपासण्याचा हा प्रयत्न नाही. माझा प्रश्न गोष्टीविषयी आहे, गोष्ट सांगण्याच्या रीतीविषयी आहे.

*

गोष्टीतील घटना सर्वांना ठाऊक आहेत. अकोला जिल्ह्यातील रोपरखेडा हे गाव. पोलीस शिपायाची मुलगी. बाराव्या वर्षी लग्न, मुंबईच्या झोपडपट्टीतले सासर, तेथील मारहाण, वडिलांनी परत आणणे, गावाची कुजबुज, विष घेऊन मरण्याचा प्रयत्न. त्यातून वाचल्यावर पुन्हा मुंबई, शिवणकाम, अनुसूचित जातींसाठी असलेल्या सरकारी योजनेतून कर्ज, फर्निचरचा धंदा, दुसरे लग्न, दोन मुले. १९८९ साली पतीचे निधन. पदरात दोन मुले आणि पतीचा स्टीलची कपाटे बनविण्याचा धंदा. तो त्यांनी पुढे चालविला. मग कल्याणमधील जमीन आणि बांधकाम. २००० च्या सुमारास कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्स या आजारी कारखान्याचा भार, २००६ साली न्यायालयाच्या आदेशाने कंपनीची मालकी, आणि २०१३ साली पद्मश्री.

आता वक्ता कोणत्या घटनेला किती वेळ देतो ते पाहावे. बालविवाह आणि विष या दोन प्रसंगांवर श्रोते रडतात. कमानी ट्यूब्सवर टाळ्या पडतात. १९८९ च्या वाट्याला मात्र एकच ओळ येते: पतीचे निधन झाले, पण त्या खचल्या नाहीत. काही वेळा तीही येत नाही. एक तरुण स्त्री, दोन लहान मुले, पुरुषांच्या धंद्यातला कारखाना, पत्रा पुरविणारे, उधारीवर माल नेणारे, मालक गेला म्हणून थकबाकी बुडविण्याच्या विचारात असणारे. जिला एखादा कादंबरीकार शंभर पाने देईल ती जागा यशोगाथा उडी मारून ओलांडते.

असे का व्हावे? पहिले कारण या प्रकाराच्या बांधणीत आहे. यशोगाथेला दुःख लागते, पण सुरुवातीला लागते. जितका खोल खड्डा तितकी उंच उडी. नायिका एकदा वर चढू लागली की पुढचे दुःख सांगणाऱ्याला अडचणीचे होते, कारण ते चढणीची रेषा मोडते. म्हणून ते 'पण' या शब्दाने चटकन मिटवावे लागते. 'निधन झाले, पण.' या 'पण'नंतर काय घडले हेच त्या मुलीने विचारले होते.

दुसरे कारण अधिक जुने आहे. कष्टकरी स्त्रीचा शोक आपल्या समाजाला दिसतच नाही. ती कामावर जाते म्हणजे तिला काही झाले नाही, असे आपण धरून चालतो. माझ्या वडिलांचा जलदानविधी रविवारी झाला आणि सोमवारी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. आम्ही भावंडे तिला आजवर खंबीर म्हणत आलो. त्या सोमवारी खुरपे हातात घेताना तिला काय वाटत होते, हे मी तिला कधी विचारले नाही. पदव्युत्तर वर्गाला करुणरसावर व्याख्याने देणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने विचारले नाही. तेव्हा वक्त्यालाच दोष देऊन मला मोकळे होता येणार नाही.

*

शोक करावयास मिळणे ही देखील एक मिळकत आहे, आणि तिचीही वाटणी विषम आहे. यासाठी एक दूरचे उदाहरण घेतो. फेसबुक या अमेरिकन कंपनीत तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर असलेल्या शेरिल सँडबर्ग यांचे पती डेव्ह गोल्डबर्ग १ मे २०१५ रोजी मेक्सिकोत सुटीवर असताना अचानक वारले. ते ४७ वर्षांचे होते आणि स्वतः एका कंपनीचे प्रमुख होते. ज्यू धर्मातील तीस दिवसांचा शोककाळ संपल्यावर सँडबर्ग यांनी आपल्या दुःखाविषयी एक दीर्घ मजकूर सर्वांसमोर ठेवला. २०१७ साली मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांच्यासह 'ऑप्शन बी' हे पुस्तक लिहिले. सावरण्याची शक्ती जन्मजात आणि ठरावीक मापाची नसते, ती स्नायूसारखी कमावता येते, हा त्या पुस्तकाचा गाभा आहे. आज आपल्याकडील प्रेरणादायी वक्ते जी भाषा बोलतात ती बरीचशी अशाच पुस्तकांतून आलेली आहे.

श्रीमंत बाईचे दुःख म्हणून या पुस्तकाकडे पाठ फिरविणे सोपे आहे. मला ते योग्य वाटत नाही. मरण ते मरण, आणि बाप गेलेली मुले सगळीकडे बाप गेलेलीच असतात. शिवाय या बाईंनी एक प्रामाणिक गोष्ट केली. २०१३ साली 'लीन इन' या पुस्तकात त्यांनी स्त्रियांना नोकरीत पुढे सरसावण्याचा उपदेश केला होता. एकटे पडल्यावर, २०१६ साली, त्यांनी जाहीरपणे मान्य केले की घरात एकटीने सगळे ओढणाऱ्या आईला काय सोसावे लागते हे आपल्याला तो उपदेश करताना कळले नव्हते. २०१७ साली त्यांच्या कंपनीने जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरची पगारी रजा दुप्पट करून वीस दिवसांची केली. म्हणजे स्नायूचा सिद्धान्त मांडणाऱ्या लेखिकेलाही शेवटी रजेपाशी यावे लागले. मन सावरायला दिवस लागतात आणि त्या दिवसांचा पगार कुणीतरी द्यावा लागतो.

आपल्याकडे काय आहे? दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच वीस हजार रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान २०२३ साली एक हजारावरून दीड हजार रुपये झाले. ते मिळविण्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, तलाठी, तहसील आणि पुन्हा तहसील. आमच्या बाईचे शोकाचे दिवस रांगेत जातात. तिला 'स्नायू कमाव' म्हणून सांगणाऱ्याने आधी ती रांग पाहावी.

*

यशोगाथेतील सर्वांत खटकणारा शब्द 'संकट' हा आहे. बाराव्या वर्षी लग्न झाले, हे संकट. नवरा वारला, हे संकट. जणू गारपीट झाली. ज्या समाजाला बाबासाहेबांनी विचार करण्याची एक पद्धत दिली त्या समाजाच्या वक्त्याने हा शब्द इतक्या सहज वापरावा, याचे मला दुःख होते.

९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात, पंचविशीत असलेल्या आंबेडकरांनी भारतातील जातींच्या घडणीवर एक निबंध वाचला. जात म्हणजे काय, तर बंदिस्त केलेला वर्ग, आणि तो बंदिस्त ठेवण्याचे साधन म्हणजे जातीअंतर्गत विवाह, असे त्यांनी त्यात मांडले. जातीत विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहिली तरच हे चालते. नवरा मेला की मागे राहिलेली स्त्री या व्यवस्थेला जास्तीची होते. ती जातीबाहेर लग्न करील, नाहीतर जातीतल्या कुमारिकेचा वाटा घेईल. म्हणून तिला चितेवर घालावयाचे किंवा सक्तीच्या वैधव्यात कोंडावयाचे. आणि बायको मेलेल्या पुरुषाला जातीतच ठेवावयाचे तर लग्नाच्या वयाला न पोचलेली मुलगी त्याला द्यावयाची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली जातीच्या यंत्राचे भाग आहेत, असे त्यांनी दाखविले.

आता कल्पना सरोज यांचे आयुष्य पुन्हा वाचावे. बाराव्या वर्षी बालविवाह, ऐन तारुण्यात वैधव्य. बाबासाहेबांनी सांगितलेल्या तीनपैकी दोन चाली ज्या वाटेवर मांडलेल्या होत्या, त्या वाटेवरून ही एक स्त्री गेली. नवऱ्याचा मृत्यू हा निसर्गाचा घाला असेल. पण नवरा गेलेल्या बाईने किती बाजूला व्हावे हे समाज ठरवितो. जी गोष्ट जातिव्यवस्थेचा सबंध आराखडा एका आयुष्यात दाखवू शकली असती, तिला आपण नशीब आणि जिद्द यांच्या कुस्तीपुरते ठेवले. सवर्ण संपादकाने ते करावे हे समजण्यासारखे आहे. आपण का करावे?

येथे आपल्याच घरातले एक सत्य बोलावे लागेल. आमच्या जातींत पाट होता, मोहतूर होता, विधवेला पुन्हा संसार मांडता येत असे, आमच्यात केशवपन नव्हते, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरे आहे. पण बालविवाह आमच्यात होता, आणि सासरचा छळही होता. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये सासुरवाशिणींच्या पायात अडकविल्या जाणाऱ्या लाकडी खोड्याचे जे वर्णन केले आहे ते कोणत्या पेशवाईतले नाही, महारवाड्यातले आहे. वरच्या जातींची चाल खालच्यांनी उचलणे, ही प्रक्रियाही १९१६ च्या त्या निबंधातच सांगितलेली आहे. यशोगाथा ही बाजू 'सासरचा छळ' असे म्हणून उरकते आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो.

*

विद्यार्थिनीचा मूळ प्रश्न होता: कारखाना कुणी उघडला? त्या विशिष्ट सकाळी कुलूप कुणी काढले हे सांगता येत नाही. पण ते कुलूप काढण्याचा हक्क बाईकडे कोठून आला, हे सांगता येते.

तो १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातून आला. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला होता, पण तो मर्यादित हक्क होता. तिच्या हयातीपुरता उपभोग, विकण्या-देण्याची पूर्ण मोकळीक नाही. १९५६ च्या कायद्याने तिला मुलांच्या बरोबरीची वारस केले आणि तिच्या हातातील मिळकतीची पूर्ण मालकीण केले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. तो ज्या हिंदू कोड बिलातून निघाला त्या बिलासाठी बाबासाहेब झगडले आणि ते रखडविले गेले म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. नवऱ्याच्या मागे कारखाना चालविणाऱ्या प्रत्येक बाईच्या खिशात, तिला माहीत असो वा नसो, त्या राजीनाम्याची एक प्रत आहे. ज्या प्रेरणादायी व्याख्यानात 'जिद्द' हा शब्द वीस वेळा येतो, त्यात हा कायदा एकदाही येत नाही.

त्यानंतर येते कर्ज. शिवणयंत्रापासून फर्निचरपर्यंतचा पहिला टप्पा अनुसूचित जातींसाठीच्या योजनेतील कर्जावर उभा राहिला, हे कल्पना सरोज स्वतः सांगत आल्या आहेत. ती योजना कुणाच्या मेहेरबानीतून आलेली नाही, चळवळीतून आलेली आहे. मग येते हाताची कला: शिवण. आणि मग येतात माणसे. या माणसांविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण यशोगाथेने सर्वांत मोठा अन्याय त्यांच्यावर केला आहे.

कमानी ट्यूब्स हा तांब्याच्या व मिश्रधातूंच्या नळ्या बनविणारा कारखाना. मालकांच्या घरातील भांडणे आणि कर्ज यांत तो बंद पडला, तेव्हा तेथील कामगार संघटनेने एक विलक्षण पाऊल उचलले. कामगारांनी सहकारी संस्था काढली आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कारखाना स्वतःच्या ताब्यात घेतला. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप मोडून पडल्यानंतरच्या त्या काळोख्या दशकात कामगारच मालक झाल्याचा हा प्रयोग देशभर गाजला. काही वर्षे तो चालला. पुढे भांडवलाची चणचण, कर्ज आणि आपसातील वाद यांनी तो खचला आणि कारखाना पुन्हा बंद पडला. तेव्हा हे कामगार कल्पना सरोज यांच्याकडे गेले. पाचशेहून अधिक कुटुंबांची उपासमार पाहून आपण हो म्हटले, असे त्या सांगतात.

यशोगाथेत हे कामगार प्रवेश करतात ते हात जोडूनच. 'आम्हाला वाचवा' म्हणणे एवढेच त्यांचे काम. जे कामगार न्यायालयात लढून मालक झाले होते, ज्यांनी भट्ट्या चालविल्या, हिशेब ठेवले, चुका केल्या, हरले, ते या गोष्टीत फक्त याचक आहेत. कारखाना पुन्हा सुरू झाला तो बाईंच्या निर्धाराने, हे कोणीही नाकारणार नाही. पण नळी ओढणारे हातही तेथे होतेच. १९८८ साली त्या कामगारांनी मालकावाचून कारखाना चालवावयास घेतला आणि १९८९ साली या स्त्रीने नवऱ्यावाचून धंदा. पुढे त्यांची गाठ पडली. दोन प्रकारच्या पोरकेपणाची ती भेट होती. चांगल्या लेखकाच्या हाती हे कथानक पडले असते तर त्याने हीच जागा धरली असती.

*

आपल्या साहित्यात याहून वेगळी सांगण्याची रीत आहे, आणि ती स्त्रियांनीच घडविली आहे. बेबीताई कांबळे फलटणला किराणा मालाचे दुकान चालवीत. त्या गल्ल्यावर बसून त्यांनी आपले लेखन केले आणि वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. १९८६ साली पुस्तक आले तेव्हा त्याच्या नावात 'माझे' नव्हते, 'आमुचं' होते. व्यापार त्यांनीही केला. पण त्यांच्या गोष्टीची नायिका दुकानदारीण नाही, सबंध महारवाडा आहे.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली प्रसिद्ध झाले. त्या लहान असताना वडील गेले. आई बांबूच्या सूप-टोपल्या विणून विकते. ती विणतच राहते. नवरा गेल्यावर विणते, पोरगा गेल्यावरही विणते. लेखिका कोठेही म्हणत नाही की आई खचली नाही. आई रडते, चिडते, कडवट होते, आणि तिचे हात चालू असतात. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. आपले लिहिणे आणि आईचे विणणे यांची वीण एकच आहे, ती दुःखाची आहे, असे लेखिका सांगते. पुढे स्वतःच्या नवऱ्याच्या मृत्यूविषयी लिहितानाही ती त्याला देव करीत नाही आणि स्वतःला वीरांगना करीत नाही. संसारातले वाद, त्याचा अहंकार, तिची ओढ, सगळे शिल्लक ठेवते. यशोगाथेला हे परवडत नाही. मेलेल्या नवऱ्याविषयी खरे बोलण्याची मुभा तेथे विधवेला नसते.

याही मागे जाता येईल. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. ते स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते, पण मागे संपत्तीपेक्षा कामच अधिक राहिले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाच्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या. या सात वर्षांना 'सावरणे' हा शब्द पुरत नाही. त्यांनी दुःखातून स्वतःची उन्नती साधली, असे कुणी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे काम होते आणि सोबत माणसे होती.

*

मग यशोगाथा नकोतच काय? असे मी म्हणणार नाही. डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना २००५ साली स्थापन झाली तेव्हापासून आपल्यातील डाव्या मित्रांनी दलित भांडवलदार ही कल्पनाच हास्यास्पद ठरविली आहे. मला ते पटत नाही. जिने बाराव्या वर्षी सासरचा मार खाल्ला तिने पुढे शेकडोंचे पगार द्यावेत, हे दृश्य आमच्या मुलींना पाहावयास मिळाले पाहिजे. नोकरीच्या जागा आटत असताना धंद्याकडे जाणाऱ्या पोरांना नाके मुरडून चालणार नाही. आमच्या समीक्षेने कारकून, शिक्षक आणि कार्यकर्ता यांपलीकडचा नायक पाहिलाच नाही, हा दोष माझ्यासकट सगळ्यांचा आहे.

पण या यशोगाथेला एक कसोटी लावावी लागेल, आणि ती कल्पना सरोज यांनीच पुरविली आहे. त्यांच्या चित्रपटसंस्थेने 'खैरलांजीच्या माथ्यावर' हा चित्रपट काढला. तो २०१४ साली आला. ज्या २००६ साली न्यायालयाने कमानी ट्यूब्स त्यांच्या हाती दिली, त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि मुलगे रोशन व सुधीर यांची हत्या झाली. सुरेखाबाई जमीन राखणाऱ्या, मुलांना शिकविणाऱ्या, वर येऊ पाहणाऱ्या बाई होत्या. त्यांच्याकडे जिद्दीची कोणती कमतरता होती? मागे उरले भैयालाल भोतमांगे. बायको गेली, मुले गेली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. अत्याचार प्रतिबंधक कायदा या खटल्यात टिकला नाही. भैयालाल वर्षानुवर्षे न्यायासाठी हेलपाटे घालीत राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात हृदयविकाराने गेले.

जोडीदार गमावल्यावर माणूस दहा वर्षे न्याय मागत उभा राहतो, हे सावरणे नव्हे काय? मग त्यांची प्रेरणादायी गोष्ट कोणत्या व्याख्यानात सांगितली जाते? सांगितली जात नाही, कारण तिच्या शेवटी पद्मश्री नाही. ज्या उद्योजिकेची गोष्ट आपण सांगतो तिने आपला पैसा खैरलांजीच्या चित्रपटात घातला. तिला बहुधा ठाऊक होते की रोपरखेडा आणि खैरलांजी यांच्यात अंतर फार नाही. आपण मात्र तिच्या गोष्टीतून नेमका हाच भाग वगळतो.

तेव्हा कसोटी अशी: दलित स्त्रीच्या यशाची जी गोष्ट हरलेल्या दलित बाईला लाजविते, ती आपली गोष्ट नव्हे. जी तिच्या पायाखालची जमीन दाखविते, म्हणजे कायदा, कर्ज, हाताचे कसब, शेजार, संघटना, ती आपली. जेथे ती जमीन नसेल तेथे ती का नाही, असे विचारावयास लावते, तीही आपली.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि लागलीच राज्य शासनाने इतर गावांना तो कित्ता गिरविण्यास सांगितले. चांगले झाले. पण बांगड्या राहिल्या तरी हाताला काम आणि दारात माणूस लागतेच. ठरावाच्या पुढची ओळ ही आहे.

त्या विद्यार्थिनीला मी उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात वर्गाला एक काम दिले: तुमच्या घरात किंवा शेजारात कमावता माणूस गेला, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून कुणी काय केले, ते विचारून लिहून आणा. मीही आईला त्या सोमवारविषयी विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की बांधावरच्या बायांनी तिच्या वाट्याची पात खुरपून दिली. ती नुसती बसून होती. वीस वर्षांत हे मला माहीत नव्हते.

मुलीने आणलेल्या कागदावर दीड पान मजकूर होता. वडील गेल्यावर आई दोन महिने अंथरुणाला धरून होती. शाळेतले काम गेले असते. पण वस्तीतल्या तिघीजणींनी पाळी लावून घेतली आणि दोन महिने आईच्या जागी पोषण आहार शिजविला. मानधन आईलाच दिले. कागदाच्या शेवटी तिने लिहिले होते, "सर, चूल बंद पडली नव्हती."